शनिवारचं बेअरिंग

आमचं मूळ गाव तिकडं खाली, कर्जताच्या अंगाला, नाव सांगून तुमाला कळायचं न्हाई एवढं बारकं, आन तिथं आता आमचं एक पडकी भिंत सोडली तर काय राहिलं बी न्हाई. बाप माझा गावकीचं काम करायचा, म्हंजे मेलेलं ढोर वढायचं, सांगावा घेऊन गावोगाव पळायचं, कुनाच्या दारात लाकडं फोडायची, आन दिवस मावळला की टोपलं घेऊन भाकरी मागत फिरायचं. मंग छप्पन साली आमी धम्म घेतला. आमच्या वाड्यातनं नागपूरला कुनी गेलं न्हाई, जायला भाडं कुठलं, पन खबर आली तशी बापानं घरातलं देव गाठुड्यात बांधलं आन नदीत सोडून आला, आन दुसऱ्या दिवशी चावडीवर जाऊन सांगितलं की आजपासनं ज्याचं ढोर त्यानं वढावं. झालं, गिरनी बंद, दुकान बंद, शेतातलं काम बंद. म्हातारा काय डगमगला न्हाई, मला म्हनला किसन, तू जा नगरला, हित राहून तुझी बी पाठ वाकंल. मी आलो.

नगरला मिलिटरीच्या गाड्यांचं लई मोठं काम, तुमाला म्हाईतच हाय. तिथं एका डेपोत मी रोजंदारीवर लागलो, काम काय तर रॉकेलच्या ट्रेमधी बसून बेअरिंगं धुयाची. बेअरिंग म्हंजे काय, दोन कड्या, एकात एक, आन मधी पोलादाच्या गोळ्या. बाहेरची कडी तिच्या घरात, म्हंजे लोखंडी खोबनीत, घट्ट बसती, आतली कडी दांड्यावर घट्ट बसती, आन गोळ्या दोघींना एकमेकींवर घासू देत न्हाईत, बास, एवढंच. पन सगळी दुनिया त्याच्यावर फिरती. तिथं एक पंजाबी मिस्त्री हुता, त्यानं माझ्याकडं बघितलं, हात बघितला, जात इचारली न्हाई, आन मला शिकवलं की दांड्यावर बेअरिंग चढवायचं तर जोर आतल्या कडीवर द्यायचा, बाहेरच्या कडीवर मारलंस की गोळ्यांना खड्डं पडत्यात, आन ती गाडी तुला शिव्या देत फिरती. कानाला स्क्रू ड्रायव्हर लावून आयकायला बी त्यानंच शिकवलं. टोक घरावर टेकवायचं, मूठ कानाच्या हाडाला, आन आतलं समदं आयकू येतं, नाडी बघावी तसं.

मंग हा साखर कारखाना निघाला, फिटर पायजेत म्हनले, मी अर्ज दिला, लागलो, कायम बी झालो. क्वार्टर मात्र मिळाली न्हाई. कॉलनी दक्षिनंला टेकाडावर हाय, तुमी येताना बघितली आसंल, दर साली अर्ज द्यायचा आन दर साली म्हनायचे रिकामी न्हाई, मंग मी इचारनं सोडलं. उत्तरंची भिंत संपली की एक चर हाय, आन चराच्या पल्याड आमची वस्ती. आमी समदे बौद्ध, कुनी गोदामात हमाल, कुनी ऊसतोडीला, कुनी झाडलोटीला. कारखान्यातनं वस्तीला जायचा रस्ता सपाट, कॉलनीला जायचा चढाचा. हे ध्यानात ठेवा.

आता ती गाडी. गोदामात पोती न्ह्यायला कारखान्यानं एक बॅटरीवरची गाडी आनली हुती, बुटकी, सपाट पाठीची, भरीव रबराची चाकं, म्होरं एक सीट आन वळवायचा दांडा. डिझेल न्हाई, धूर न्हाई, आवाज न्हाई. रातभर बॅटरीला चार्ज लावायचा आन दिवसा चालवायची. आवाज न्हाई म्हनून लोकं तिला मुकी म्हनायची. मुकी आली का, मुकी गेली का. दोन-तीनदा तर हमालांच्या टाचंला येऊन लागली, तवापास्नं ड्रायव्हरनं दांड्याला एक घंटी बांधली. ड्रायव्हर म्हंजे रावसाहेब. ते त्याचं नाव हाय बरं का, हुद्दा न्हाई. आमच्या भागात आया लेकराचं नावच रावसाहेब ठिवत्यात, म्हंजे हाक मारनारानं मान दिल्याबिगर गत्यंतर न्हाई. गावातल्या बागायतदाराच्या घरचा, पन चार भाऊ आन पाटाच्या शेवटाला थोडीशी जमीन, म्हनून कारखान्यात. मानूस वाईट न्हाई. माझ्यासंगं बोलायचा, हसायचा, तंबाखू द्यायचा, फक्त वरनं टाकायचा हातावर.

मंग दुष्काळ पडला. त्याचं मी काय सांगू तुमाला, तुमीच बघितलाय. ऊस जळून गेला, गाळप मधीच बंद पडलं, गोदाम मोकळं, आमच्या बाया खडी फोडायला रस्त्याच्या कामावर आन खायाला लाल ज्वारी. वस्तीतला आड तळाला लागला, मंग नुसती चिखलाची वास मारनारी गादी राहिली. कॉलनीतलं नळ बी बंद झालं. पन कारखान्याच्या आत जी हीर हाय तिला पानी हुतं, थोडं पन हुतं. तवा साहेबांनी ठरवलं की मुकी रिकामीच हाय, तिच्यावर पिंपं ठिवा आन पानी वाटा, कॉलनीला आन वस्तीला बी. वस्तीला बी म्हनले, मी खोटं कशाला बोलू.

आता खेप कशी चालायची, तर पयली खेप कॉलनीच्या पयल्या गल्लीला, दुसरी दुसरीला, अशी करत करत वस्ती शेवटाला. आन चढावर पिंपं वढून वढून बॅटरी उतरायची. मंग रावसाहेब चराच्या आल्याड येऊन घंटी वाजवायचा आन म्हनायचा, आज बॅटरी उतरली, उद्या बघू. जवा यायचा तवा आर्धं पिंप. त्यात आमच्या बायांनी हात लावायचा न्हाई, तो वर उभा राहून डब्यानं वतायचा, आन खाली ह्या हंडं धरून उभ्या.

त्याच दिवसांत माझी लेक शांती बाळंतपनाला घरी आलेली, लेकरू झालं, मुलगी झाली, नाजूक. आता बाळंतिनीच्या घरात पानी किती लागतं हे बाप्याला सांगून कळत न्हाई, पन मला त्या साली कळलं. मी ड्यूटीवरनं येताना एक डबा भरून आनायचो, गेटवरचा पहारेकरी बघून न बघितल्यासारखं करायचा. त्या एका डब्यात पिनं आलं, लेकराची आंघोळ आली, धुनं आलं. माझी बायको द्वारका लेकराला आंघोळ घालायची ते पानी खाली परातीत धरायची, आन त्याच्यात दुपटी धुयाची. शांती रडायची, म्हनायची आई, मी सासरीच राहिले असते तर बरं झालं असतं. एवढंच पायजे हुतं आमाला, की पानी रोज यावं आन बॅटरी उतरायच्या आत यावं.

एका शुक्रवारी कॉलनीच्या चढावर मुकी बोलायला लागली. डाव्या मागच्या चाकातनं घरघर, मंग कुरकुर, मंग चाकच हलाया लागलं. रावसाहेबानं थांबवली, हात लावून बघितलं तर हब, म्हंजे चाकाचा मधला गड्डा, चटका बसंल एवढा तापलेला. ढकलत आनली वर्कशॉपात. मी बघितलं तवाच वळखलं काय झालंय ते. ही गाडी केलेली कोरड्या गोदामासाठी, आन आपन तिच्यावर हिंदकळनारी पिंपं ठिवली, रोज पानी सांडून सांडून मागच्या एक्सलवर, म्हंजे बैलगाडीचा आख म्हना, त्याच्यावर झिरपलं, पानी अडवनारं सील गेलं, ग्रीस धुऊन निघालं, बेअरिंग गंजलं. पान्यानंच मारलं तिला.

शनिवारी सकाळी फोरमनसाहेबांनी स्टोअरमधी इचारलं तर ह्या मापाचं बेअरिंग न्हाई. नगरास्नं आनावं लागंल. आन हित घोडं अडलं. तुमी म्हनाल त्यात काय, पन आमच्या ह्या भागात शनिवारी लोखंड इकत घेत न्हाईत, तेल घेत न्हाईत. शिंगनापूर हितनं जवळ, देवाचा दरारा मोठा, खिळा बी कुनी घेनार न्हाई. स्टोअरकीपर म्हनला सोमवारी आनू. फोरमन म्हनले सोमवारपर्यंत कॉलनी काय पिनार? स्टोअरकीपर म्हनला साहेब, मग तुमी जावा. साहेब सांगलीकडचे, म्हनले मी काही मानत नाही, पन घरात मानतात. मंग समद्यांची मान हळूहळू माझ्याकडं वळली.

रावसाहेबच बोलला. म्हनला, किसनला धाडा की, त्यांना कुठं शनी लागतोय, त्यांनी तर समदे देवच सोडले. स्टोअरकीपर म्हनला व्हय, ते बरं हाय. मी म्हनलं वा रं वा, देव सोडलं म्हनून इतकी वर्सं तोंडं फिरवलीत, आन आज त्याच्याच जोरावर कामाला लावता. समदे हसले, मी बी हसलो. आन गेलो, एसटीनं, जुनं बेअरिंग फडक्यात बांधून.

नगरच्या बाजारात दुकानदार एकटाच माश्या मारत बसलेला. नंबर बघितला, डबी काढली, मी म्हनलं शनिवारी धंदा चालतो का? म्हनला, घेनाऱ्याला बाधतं, इकनाऱ्याला बाधत न्हाई. ह्या मापाचं एकच हाय, घेऊन जा. मी घेतलं, एक सील घेतलं, आलो परत. स्टोअरकीपरला म्हनलं घ्या तपासून, तर दोन पावलं मागं सरला आन म्हनला, हातात देऊ नको, खाली ठेव. आता खाली ठेव हे मला काय नवीन हाय? जन्मभर आयकलंय. पन त्या दिवशी ते माझ्यामुळं न्हवतं, लोखंडामुळं हुतं, आन मला असं हसू आलं की काय सांगू तुमाला, मी डबी फरशीवर ठिवली आन हसतच राहिलो. तो म्हनला काय झालं? म्हनलं काय न्हाई, आज तुमी बेअरिंगाला बी आमच्यात घेतलं.

कामाला लागलो. मुकीचं काम करताना पयलं बॅटरीची तार काढायची, कारन ती उभी हाय का निघाली हाय ते आवाजावरनं कळत न्हाई, कुनाचा पाय पडला की गेली अंगावर. जॅकवर घेतली, बाकी चाकांना दगडं लावली, चाक काढलं, पुलरनं हब वढला, बेअरिंग धरून ठिवनाऱ्या पट्टीचं बोल्ट खोललं आन एक्सलचा दांडा झटका देऊन बाहेर घेतला. बेअरिंगाचं काय राहिलंच न्हवतं, गोळ्यांचा भुगा. पन आतली कडी मात्र दांड्याला चिकटलेली, ती छन्नीनं फोडावी लागती, आन छन्नीचा एक घाव जरी दांड्याला बसला तरी दांडा गेला. म्हनून हळूहळू, एका बाजूनं चीर पाडायची आन तिला आपसूक उलू द्यायचं. त्याला वेळ लागतो. बाहेर कॉलनीतल्या बाया हंडं घेऊन गेटपाशी आल्या हुत्या, त्यांचा आवाज यायचा, पन घाई करून भागत न्हाई.

नवं बेअरिंग मी पत्र्याच्या डब्यात तेल घालून भट्टीवर ठिवलं. गरम झालं की कडी जराशी फुगती आन दांड्यावर न मारता बसती. रावसाहेब दारात उभा राहून बघत हुता, म्हनला किसन, भजी तळतो का? मी म्हनलं न्हाई, शनिवार हाय, देवाला तेल घालतोय, तुमच्या वाट्याचं. तो हसला न्हाई. मंग मी चिमट्यानं उचललं, दांड्यावर सोडलं, असं सुळ्ळकन जाऊन बसलं की बघत राहावं. थंड झाल्यावर तळहातावर ग्रीस घेतलं आन कडंकडंनं आत दाबत गेलो, पल्याडच्या अंगानं बाहेर दिसंपर्यंत. सील बसवलं, दांडा आत, पट्टी, हब, चाक. हातानं फिरवलं. आवाज न्हाई.

फोरमन म्हनले भरून ट्रायल घ्या. रावसाहेब म्हनला, मी बसनार न्हाई. आज आनलेलं लोखंड, आज बसवलेलं, मी उद्या शिंगनापूरला तेल घालून येतो, मंग बसतो. फोरमन चिडले, पन रावसाहेब म्हनला, माझा थोरला भाऊ शनिवारी नांगराचा फाळ घेऊन आला, त्याच हप्त्यात बैलानं पाडला, तवापास्नं उठला न्हाई. ज्याचं दुखनं त्याला म्हाईत. फोरमननं मला इचारलं, चालवशील? म्हनलं चालवीन. पिंपं भरली. मंग फोरमन म्हनले, नवीन बसवलंय, पयल्या खेपंला चढ नको, सपाटीनं न्हे. सपाट रस्ता कुठला? मी म्हनलं साहेब, एकच हाय. त्यांना काय म्हाईत न्हवतं व्हय? गेटवर कॉलनीच्या बाया उभ्या, तिकडं एकदा बघितलं, घाम पुसला आन म्हनले, मग जा त्याच रस्त्यानं.

तशी मुकी त्या दिवशी भरल्या पिंपांनी, भरल्या बॅटरीनं वस्तीत आली, आन पयल्यांदा कुनी वर उभं राहून वतलं न्हाई. मी खाली उतरलो आन म्हनलं घ्या, आपल्या हातानं घ्या. द्वारकेनं पयला हंडा बुडवला. नुसता हंड्यांचा आवाज. त्या दिवशी शांतीनं लेकराला आंघोळ घातली आन ते पानी सांडू दिलं.

तिथनं परत भरून कॉलनीत गेलो. टाइमकीपरची बायको पुढं आली, म्हनली पिंपं धुतली का? मी म्हनलं बाई, धुयाला पानी कुठलंय. तिनं हंडा म्होरं केला आन भरून घेतलं. काहींनी तिच्या मागनं घेतलं, काही रिकाम्या हंड्यांनी परत गेल्या.

आता खरी गंमत पुढं हाय. रावसाहेब तेल घालून आला आन सोमवारी गाडीवर बसला, पन मन काय निवंना. स्टोअरकीपर आन तो दोघं बोलत बसले आन त्यातनं असं निघालं की शनिवारच्या लोखंडाची बाधा दिवसाच्या पयल्या खेपंला असती. तवा पयली खेप वस्तीला न्ह्यायची, पनवती तिथं उतरवायची, त्यांना ती लागत न्हाई, आन मंग निर्धास्तपनं कॉलनीला. कॉलनीला बी ते पटलं. वस्तीची पिंपं निराळी केली, त्यांना चुन्याचा पट्टा मारला, आन रोज सकाळी पयली खेप आमच्या दारात. ज्या पान्यासाठी आमी हात जोडलं, अर्ज दिलं, ते पानी आमाला अपशकुन म्हनून मिळालं. तुमी लिवून घेताय, हे नीट लिवा.

माझा पुतन्या अशोक नगरला कॉलेजात शिकतो, सुट्टीला आल्ता, तो हे आयकून पेटला. म्हनला काका, हे पानी न्हाई, ही त्यांनी ववाळून टाकलेली पनवती हाय, आन तुमी ती हंड्यात भरून घेता? बापानं देव कशासाठी सोडले? परत पाठवा ती गाडी. त्याचं खोटं न्हवतं. मला जेवन गेलं न्हाई. वस्तीतली म्हातारी मानसं म्हनायची पानी ते पानी, पोरं म्हनायची मान हाय का न्हाई. द्वारका तवा शांतीच्या लेकराची दुपटी धूत हुती.

असं चाललं हुतं, आन एका मंगळवारी मला उजव्या मागच्या चाकातनं बारीक आवाज आला. दुसऱ्या कुनाला आला न्हाई, मी स्क्रू ड्रायव्हर कानाला लावला आन कळलं की हे बी बेअरिंग निघालं. तेच पानी, तोच गंज. आता इचार करा. आज सांगितलं तर बुधवारी नवं आनतील, शनीची बाब संपली, आन पयली खेप परत कॉलनीला, आमी परत शेवटाला. आन शनिवारपर्यंत गप बसलो तर परत मलाच धाडतील, आन पनवती चालू, म्हंजे पानी चालू. वस्तीत हे बोललो तर शेजारी म्हनले, किसन, गप बस, चार दिवसांनी काय हुतंय. अशोक म्हनला, अजून खाली जायचं राहिलंय का? मी द्वारकेकडं बघितलं. ती म्हनली, तुमी गप बसलात आन मधीच चाक निसटलं तर कुनाच्याच घरात पानी न्हाई, कॉलनीत बी बाळंतिनी हायेत. तुमी सांगून मोकळं व्हा. खेपंचं काय करायचं ते आमी बायका बघू.

सांगितलं. फोरमन म्हनले बरं झालं येळेवर कळलं. स्टोअरकीपर तर हरखलाच, बुधवारी सकाळी सोता जाऊन एक न्हाई, दोन बेअरिंगं घेऊन आला, म्हनला डावं बी बदलून टाका, जोडी होऊ द्या. फोरमन म्हनले अहो ते चांगलं हाय. म्हनला चांगलं असू द्या, शनिवारचं हाय. तुमाला खरं सांगतो, उजवं बसवताना काय वाटलं न्हाई, पन डावं, माझ्या हातानं बसवलेलं, गोळीला डाग न्हाई असं बेअरिंग काढायला हात उचलंना. काढलं. सांगितलेलं काम हाय. त्या दिवशी दुपारच्याला गाडी हिरीवर लावली तवा रावसाहेब मोकळ्या मनानं बसला आन म्हनला किसन, सुटलो बाबा, आजची पयली खेप तेवढी वस्तीला, उद्यापासनं पयल्यासारखं.

गुरुवारी सकाळी गेटच्या बाहेर, जिथं एक रस्ता वर कॉलनीला जातो आन एक वस्तीला, तिथं आमच्या बाया उभ्या. रस्ता अडवून न्हाई, कडंला वळीनं, हंडं खाली ठिवून. पोरं काठ्या घेऊन निघाली हुती, द्वारकेनं ती माघारी लावली. मी ड्यूटीवर, वर्कशॉपाच्या दारात. रावसाहेब आला, गाडी थांबवली, म्हनला हे काय गं बायांनो? द्वारका म्हनली, रावसाहेब दादा, पाटाला पानी सुटलं आन तुमची पाळी तुमच्या वरच्यानं मोडली, तर तुमी काय करता? समद्या गावाला म्हाईत हाय, ह्यानं पाटाच्या पाळीसाठी बांधावर झोपून पहारा केलाय, डोकं फुटलंय त्याचं, जखमंची खून हाय कपाळाला. द्वारका म्हनली, तुमी काठी घेऊन जाता. आमी काठी आनली न्हाई, हंडं आनलेत. रावसाहेब म्हनला, पन तुमची पाळी लावली कुनी? ती म्हनली, इतकं दिवस तुमीच आनत हुता की पयली खेप, कशासाठी आनली ते तुमचं तुमाला ठावं, आमी पानी म्हनून घेतली. आता पनवती संपली तर पाळी लावू. आमाला रोज पयली नको. एक दिवस वर, एक दिवस खाली. पाटाला चालतं ते पिंपाला का चालू न्हये?

तवर कॉलनीतल्या दोघीतिघी खाली आल्या हुत्या, टाइमकीपरची बायको बी. ती म्हनली, मग आज कुनाची? रावसाहेबानं फोरमनकडं बघितलं. फोरमन गेटात उभे, म्हनले ठरवा काय ते, उशीर हुतोय. तशी रावसाहेबानं कपाळावरच्या त्या खुनंवर हात फिरवला आन द्वारकेला इचारलं, पाळी तर पाळी, बोला वैनी, आज कुनाची?

मला वाटलं आता ही म्हननार आमची. मागं उभ्या बायांना बी तसंच वाटलं, दोघींनी हंडं उचलले बी. द्वारका म्हनली, काल पयली आमच्याकडं आल्ती. आज तुमची. जावा वर.

आन बाया बाजूला झाल्या. गाडी चढाला लागली. आमच्या बाया रिकाम्या हंड्यांसंगं उन्हात उभ्या राहिल्या, मला आतनं दिसत हुतं. शब्दावर गाडी सोडली हुती, आन शब्द कुनाचा, तर इतकी वर्सं तंबाखू वरनं टाकनाराचा. त्या दिवशी वस्तीला पानी दुपारी पोचलं, पन पोचलं, बॅटरी शिल्लक ठेवून. आन शुक्रवारी सकाळी कुनी बोलावलं न्हाई, काय न्हाई, मुकी सपाट रस्त्यानं वस्तीकडं वळली. आवाज तर येत न्हाई तिचा. शांतीनं पयल्यांदा घंटी आयकली आन लेकराला तसंच कडंवर घेऊन दारात आली.

पाऊस पडंपर्यंत पाळी चालली. कधी मोडली न्हाई, एकदाबी. चुन्याचा पट्टा मात्र तसाच हुता शेवटपर्यंत, ते मी लपवत न्हाई. अशोकला एवढ्यावर समाधान न्हाई, तो म्हनतो काका, पट्टा पुसायचा राहिलाय, क्वार्टर राहिलीय, हीर राहिलीय. बरोबर हाय त्याचं, त्यानं करावं, त्याचं वय हाय. शांती सासरी गेली, मुलगी तिची आता बसाया लागली. कारखाना परत सुरू झाला, मुकी परत गोदामात पोती वाहती. वस्तीत नळ अजून आला न्हाई, आडाला मात्र पानी हाय. रावसाहेब भेटला की पयलं इचारतो, वैनी बऱ्या हायेत का. मी म्हनतो बऱ्या हायेत.

माझी नोकरी अजून बरीच राहिलीय, हात चालत्यात, कान बी शाबूत हायेत. मला कुनाविषयी राग न्हाई. समद्यांना पोटाला मिळावं, समद्यांची पाळी यावी, आन आपली झाली की बाजूला व्हायची बुद्धी समद्यांना व्हावी, एवढंच मागनं हाय, आन ते कुठल्या देवाजवळ न्हाई, मानसाजवळच हाय. चला, भोंगा झाला, मला जायला पायजे. तुमी चहा पिऊन जावा, द्वारकेनं ठिवलाय.